किडनीचा जुना आजार आणि हाडं: कॅल्शियमची गोळी घेण्याआधी

पाय दुखायला लागले, कंबर धरली, बोटांना मुंग्या आल्या की घरातलं कुणीतरी सांगतंच, ‘कॅल्शियम कमी झालं असेल, एक गोळी सुरू कर.’ किडनी धडधाकट असेल तर या सल्ल्याने फारसं बिघडत नाही. किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाला मात्र हीच गोळी महागात पडू शकते. त्याच्या हाडांचं दुखणं बहुतेक वेळा कॅल्शियमच्या टंचाईपासून सुरू होतच नाही, ते सुरू होतं फॉस्फरसपासून. आजार नुकताच कळलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे दिलं आहे. औषधांचे डोस किडनीविकारतज्ज्ञच ठरवतील. पण डोस का ठरतो आणि कुठे चुकतो, हे रुग्णाला कळलं तर निम्मं काम होतं.

आधी साखळी समजून घ्या

अन्नातला जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणं आणि ड जीवनसत्त्वाला त्याचं सक्रिय रूप देणं ही दोन्ही कामं किडनीची. किडनी अधू झाली की फॉस्फरसचा भार वाढू लागतो. हाडांतल्या पेशींना याची चाहूल लवकर लागते आणि त्या एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. ते किडनीला फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं, पण त्याच वेळी ड जीवनसत्त्व सक्रिय होण्याची क्रिया दाबून टाकतं. सक्रिय ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की मानेत थायरॉइडच्या मागे असलेल्या बारीकशा परावटू ग्रंथी पॅराथायरॉइड संप्रेरक वाढवतात. रिपोर्टवर ‘पीटीएच’ लिहिलेलं असतं ते हेच. आता हे पीटीएच कॅल्शियम आणतं कुठून? मुख्यतः हाडांतून.

हे सगळं फॉस्फरसचा रिपोर्ट नॉर्मल असतानाच चालू होतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रिपोर्टवरचा आकडा, साधारण ३० च्या खाली जाईपर्यंत फॉस्फरस बहुधा मर्यादेतच दिसतो, कारण वाढलेली संप्रेरकं त्याला तिथे रेटून धरतात. ‘फॉस्फरस ठीक आहे, म्हणजे हाडांची काळजी नाही’ असं म्हणता येत नाही ते यामुळे.

पायरी १: आपण कुठे आहोत आणि कोणत्या तपासण्या कधी

जुन्या रिपोर्टांतून ईजीएफआरचा ताजा आकडा शोधा. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला असेल तर हाडांशी संबंधित तपासण्या सुरू व्हायला हव्यात: कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व (२५-हायड्रॉक्सी). बरोबर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि बायकार्बोनेट (रक्त आम्लधर्मी झालंय का ते सांगणारा आकडा) हेही बघून घ्या, दोन्ही पुढे लागणार आहेत.

केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुदती साधारण अशा आहेत. ईजीएफआर ३० ते ५९ असेल तर कॅल्शियम आणि फॉस्फरस ६ ते १२ महिन्यांनी. १५ ते २९ असेल तर दोन्ही ३ ते ६ महिन्यांनी आणि पीटीएच ६ ते १२ महिन्यांनी. १५ च्या खाली किंवा डायलिसिसवर असाल तर कॅल्शियम-फॉस्फरस दर १ ते ३ महिन्यांनी, पीटीएच दर ३ ते ६ महिन्यांनी. औषध बदललं की यापेक्षा लवकर.

पायरी २: रक्त नीट द्या

चुकीच्या नमुन्यावर औषध बदलण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो, म्हणून इथे जरा थांबू.

फॉस्फरस दिवसभर वरखाली होत असतो. त्यामुळे दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त द्या. हिमोडायलिसिसवर असाल तर नमुना मशीन सुरू होण्याआधी घ्यायचा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या डायलिसिसच्या दिवशी. दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर घेतलेला आकडा जास्त येतो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या किंवा नळी तासन् तास तशीच पडून राहिली तर पेशींतला फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर येतात आणि खोटे वाढलेले दिसतात. दोन्ही एकदम अनपेक्षित वाढले असतील तर नमुना खराब झाला नव्हता ना, हे लॅबला विचारा. पण पोटॅशियम खरंच वाढलं असेल तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘नमुनाच चुकला असेल’ म्हणून घरी बसून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून तपासणी पुन्हा करा.

पीटीएचची तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या जास्त डोसच्या बायोटिनच्या गोळ्या अनेक लॅब-पद्धतींत पीटीएच खोटं कमी दाखवतात; घेत असाल तर आधी सांगा, डॉक्टर त्या काही दिवस थांबवतील. सिनाकॅल्सेट (पीटीएच कमी करणारं औषध) चालू असेल तर गोळीनंतर किमान १२ तासांनी रक्त द्या.

पायरी ३: आकडे एकत्र वाचा

फॉस्फरसची नेहमीची मर्यादा २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, कॅल्शियमची साधारण ८.५ ते १०.२. कॅल्शियमचा बराचसा भाग रक्तात अल्ब्युमिनला चिकटून फिरतो, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमही कमी दिसतं. हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन २.८ असेल तर १.२ गुणिले ०.८ म्हणजे ०.९६, खरं कॅल्शियम जवळपास ९.० निघालं. म्हणजे ‘कमी कॅल्शियम’चा शिक्का इथेच पुसला गेला. किडनीच्या रुग्णांत हे सूत्र अगदी काटेकोर नसतं; शंका असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजून घेतात.

पीटीएचची नेहमीची मर्यादा साधारण १० ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. पण डायलिसिसवरच्या रुग्णात ते ‘नॉर्मल’वर आणायचं नसतं. किडनीच्या आजारात हाड पीटीएचला दाद देईनासं होतं, त्यामुळे नेहमीच्या कमाल मर्यादेच्या २ ते ९ पट, म्हणजे साधारण १३० ते ६०० हा पट्टा चालतो. त्यातही एका आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा: २०० वरून ३५०, मग ५२० अशी चढण असेल तर ६०० ओलांडायची वाट बघत बसायचं नाही.

आता जोड्या. फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल, पीटीएच जास्त: हे नेहमीचं चित्र. हाडाची मोडतोड वेगाने चालू आहे, आणि अल्कलाइन फॉस्फटेजही वाढलं असेल तर ते अधिक पक्कं. अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातूनही वाढतं, तेवढं तपासून घ्यावं लागतं. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच खूप कमी असेल तर उलटा प्रकार: कॅल्शियम किंवा सक्रिय ड जीवनसत्त्व जास्त झालंय आणि हाडाचं काम जवळजवळ बंद पडलंय. जुनं हाड काढून नवं घालण्याची क्रिया थांबली की सूक्ष्म तडे भरून निघत नाहीत, आणि रक्तातलं कॅल्शियम सामावून घ्यायलाही हाड तयार नसतं. ते मग रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतं. घरच्या घरी सुरू केलेली कॅल्शियमची गोळी याच वाटेने नेते. तिसरी जोडी म्हणजे कॅल्शियमही जास्त आणि पीटीएचही खूप जास्त: परावटू ग्रंथी आता कुणाचं ऐकत नाहीत.

पायरी ४: ताटातला फॉस्फरस ओळखा

प्रौढांसाठी रोज ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस ही पूर्वापार दिली जाणारी मर्यादा. पण नुसते मिलिग्रॅम मोजण्यात एक मेख आहे, सगळा फॉस्फरस सारखा शोषला जात नाही. डाळी, धान्यं, सुका मेवा यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो. आपल्या आतड्याला तो नीट फोडता येत नाही, त्यामुळे निम्म्याहून कमीच शोषला जातो. दूध, मांस, मासे, अंडी यांतला साधारण ४० ते ६० टक्के. आणि कारखान्यात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच्या सगळा. म्हणून डाळ बंद करून पाकिटातलं खाणारा माणूस नेमका उलटा व्यवहार करतो.

पाकिटावर फॉस्फरसचं प्रमाण बहुधा छापलेलंच नसतं. घटकांची यादी वाचा. नावात ‘फॉस्फ’ हे अक्षर दिसलं की ठेवून द्या. नावाऐवजी आकडे असतील तर ३३८ ते ३४१, ३४३, आणि ४५० ते ४५२ हे लक्षात ठेवा. काळ्या रंगाची कोला पेयं, प्रक्रिया केलेलं चीज, टिकवलेलं मांस, झटपट मिश्रणं, बेकिंग पावडर घातलेले पदार्थ यांत हे आकडे हमखास सापडतात.

प्रथिनं मात्र सरसकट तोडू नका. डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते. फॉस्फरसच्या भीतीने जेवण कमी केलं की अल्ब्युमिन घसरतं, स्नायू झिजतात आणि माणूस पडतो. कमी फॉस्फरसमध्ये जास्त प्रथिनं हवी असतील तर अंड्याचा पांढरा भाग उत्तम: एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, पिवळ्यात ६० च्या वर. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्याने भाज्या, मांस यांतला काही फॉस्फरस आणि बरंच पोटॅशियम निघून जातं. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ मात्र पोटॅशियमचं असतं, ते विचारल्याशिवाय नको.

पायरी ५: बाइंडरच्या गोळ्या, आणि एवढ्या का?

बाइंडर म्हणजे अन्नातला फॉस्फरस पोटातच अडवणारी गोळी. ‘जेवणाबरोबर दोन-दोन, तीन-तीन गोळ्या’ ही तक्रार सगळ्यांचीच. हिशेब एकदा मांडला की कारण कळतं. रोज १००० मिलिग्रॅम फॉस्फरस खाल्ला आणि ६०० शोषला गेला, तर आठवड्याला ४२०० झाले. चार तासांच्या एका हिमोडायलिसिसमध्ये साधारण ८०० निघतात; तीन वेळा केलं तर २४००. उरले १८००, म्हणजे रोजचे सुमारे २५७. बाइंडरची एक गोळी प्रकारानुसार २० ते ३० मिलिग्रॅम अडवते. म्हणजे दिवसाला दहाएक गोळ्या. डायलिसिस आठवड्याला दोनदाच होत असेल तर रोजची शिल्लक ३७० च्या घरात जाते. डायलिसिसचा वेळ तासाभराने कमी करून घेणं परवडत नाही ते यामुळेच: फॉस्फरस पेशींतून रक्तात सावकाश येतो, त्याला वेळ हवा. लघवी अजून होत असेल तर चित्र बरंच बरं असतं.

बाइंडर पोटात अन्नाला भेटला तरच उपयोगी. सकाळी एकदम किंवा झोपताना घेतलेली गोळी फॉस्फरसच्या बाबतीत वाया गेली म्हणून समजा, आणि ती कॅल्शियमची असेल तर वरून नको असलेलं कॅल्शियम शोषलं जातं. पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्या. मोठ्या जेवणाला जास्त, छोट्याला कमी, फळ किंवा नुसता चहा असेल तर बहुधा नाही. जेवण चुकलं तर ती गोळीही चुकवायची. सगळ्यांत जास्त विसर बाहेर जेवताना पडतो, तेव्हा खिशात चार गोळ्या ठेवा.

प्रकार मोजकेच. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम खरं कॅल्शियम असतं. कॅल्शियम ॲसिटेटच्या ६६७ मध्ये १६९. डायलिसिसआधीच्या टप्प्यात अन्न धरून दिवसाचं कॅल्शियम ८०० ते १००० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. कार्बोनेटच्या तीन गोळ्यांनीच १५०० होतात, यावरून ‘साधी कॅल्शियमची गोळी’ किती साधी ते बघा. सेव्हेलॅमरमध्ये कॅल्शियम नसतं. गोळी अख्खी गिळायची, ती पाण्यात फुगते. लॅन्थॅनम याच्या उलट, पूर्ण चावायची. अख्खी गिळली तर काम होत नाही आणि आतड्यात अडकूही शकते. सेव्हेलॅमरने बद्धकोष्ठ होतं. ते सहन करत बसू नका, कारण पुढचं पाऊल म्हणजे रुग्ण गोळीच सोडतो. जुलाबाचं औषध किंवा एनिमा मात्र विचारूनच. सोडियम फॉस्फेटवाले एनिमा आणि पोट साफ करायची औषधं या आजारात धोक्याची, आणि मॅग्नेशियमवाली साचतात.

थायरॉइडची गोळी, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविकं बाइंडरला चिकटून निष्प्रभ होतात. त्यांत काही तासांचं अंतर लागतं, ते फार्मासिस्टकडून लिहून घ्या. ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं नियमित घेऊ नका; ॲल्युमिनियम हाडात आणि मेंदूत साठतं.

पायरी ६: ड जीवनसत्त्वाचे दोन प्रकार

यात मोठा गोंधळ होतो. साधं ड जीवनसत्त्व, म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, कमतरता भरून काढायला देतात. २५-हायड्रॉक्सीचा आकडा २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर ती कमतरता. कॅल्सिट्रायॉल, अल्फाकॅल्सिडॉल, पॅरिकॅल्सिटॉल ही किडनीतलं काम टाळून थेट वापरता येणारी औषधं, आणि ती पीटीएच दाबण्यासाठी असतात. ही कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढवतात, म्हणून फॉस्फरस आवाक्यात नसताना सुरू करत नाहीत. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णांना ती सर्रास देऊ नयेत, पीटीएच खूप आणि सतत वाढत असेल तरच द्यावीत, असं २०१७ पासूनचं धोरण. मोठ्या डोसची इंजेक्शनं ‘अंगात ताकद येते’ म्हणून परस्पर घेणं पूर्ण बंद.

बायकार्बोनेटचं काम छोटं पण सोपं. रक्त आम्लधर्मी राहिलं की ते सावरायला हाडातला क्षार विरघळत राहतो. आकडा २२ च्या खाली असेल तर सोडाबायकार्बच्या गोळ्यांबद्दल विचारा. सूज किंवा रक्तदाब असेल तर डोस जपून.

पायरी ७: पीटीएच ऐकत नसेल तर

डायलिसिसवरच्या रुग्णांत सिनाकॅल्सेट ३० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ते ग्रंथीला कॅल्शियम भरपूर असल्याचा भास करून देतं. अन्नाबरोबर घेतलं तर मळमळ कमी होते. कॅल्शियम आधीच कमी असेल तर हे चालत नाही. ओठांभोवती मुंग्या, हातापायांना पेटके आले तर त्याच दिवशी कळवा.

औषधांनीही कॅल्शियम-फॉस्फरस चढेच राहिले आणि पीटीएच ८०० च्या वर टिकून असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस जास्त नाजूक: पीटीएच एकदम उतरतं, उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि ते धोकादायक पातळीवर घसरतं. पहिले दोन-तीन दिवस दर ४ ते ६ तासांनी कॅल्शियम तपासतात. घरी गेल्यावर कॅल्शियमच्या भरपूर गोळ्या लागतात, आणि या वेळी त्या जेवणाच्या मध्ये, रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात. आजवर शिकलेल्याच्या नेमकं उलट, त्यामुळे चिठ्ठी दोनदा वाचा.

पायरी ८: हाड मोडू नये म्हणून

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी उपचार बदलणार असेल तरच करून घ्या. घनता कमी निघाली म्हणून ऑस्टिओपोरोसिसची नेहमीची औषधं लगेच लावता येत नाहीत, कारण ठिसूळपणा वेगवान झिजेचा आहे की थंडावलेल्या हाडाचा, हे डेक्सा सांगत नाही. झोलेड्रोनिक ॲसिड ईजीएफआर ३५ च्या खाली टाळतात. डेनोसुमॅबने डायलिसिसच्या रुग्णांत कॅल्शियम तीव्र घसरल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हाडांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं तर घेण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

पडणं टाळा. डायलिसिसनंतर लगेच उठू नका, पाच मिनिटं बसून मग उभे राहा. रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर दिवा आणि धरायला काहीतरी असू द्या. झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार करून घ्या. रोज चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, एवढ्यानेही मांड्यांना बळ येतं. तोल जात असेल तर सुरुवात आधार धरूनच.

लगेच दाखवायची लक्षणं

साध्या धक्क्याने हाड मोडलं किंवा खुब्यात, जांघेत अचानक कळ येऊन पाय टेकवेना, झटका आला, छातीत धडधड झाली, किंवा पोटऱ्या-मांड्यांच्या, पोटाच्या कातडीवर जांभळट, अतिशय दुखरे डाग, गाठी उठल्या. शेवटचं लक्षण रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून कातडी मरण्याचं असू शकतं आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांत त्याचा धोका जास्त. नुसती खाज आणि लाल डोळे वाढलेल्या फॉस्फरसची खूण असतात, तिथे तपासणी पुरे. बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्याचे खांदे रात्री दुखत असतील, हात बधिर होत असतील तर ते वेगळ्या प्रथिनाच्या साठ्यामुळे असू शकतं. फॉस्फरस कितीही उतरवला तरी त्याने ते थांबणार नाही. मुलांत उंची खुंटणं आणि पाय वाकणं ही पहिली खूण, दर भेटीत उंची मोजून घ्या.

किडनी बदलल्यानंतर

प्रत्यारोपणाने बाइंडर बहुधा बंद होतात, पण सुजलेल्या परावटू ग्रंथी महिनोन् महिने जुन्याच वेगाने चालत राहतात. त्यामुळे सुरुवातीला फॉस्फरस कमी आणि कॅल्शियम जास्त असं उलटं चित्र दिसतं. त्यात स्टेरॉइड सुरू असतात, आणि पहिल्या काही महिन्यांत हाडं सर्वांत वेगाने पातळ होतात. चालताना जांघेत सतत दुखू लागलं आणि एक्स-रे स्वच्छ आला, तरी खुब्याचा एमआरआय करून घ्यावा का, हे विचारा. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचं सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही.